पेपर, रेडिओ की रिक्षा? जळगावच्या एका सर्वेक्षण सेवेचा आमचा अनुभव

जाहिरातीला पैसे घालण्याआधी ती नेमकी कुणाच्या डोळ्यांखालून किंवा कानांवरून जाईल, हे मोजून देणारे लोक आता जळगावातही आहेत. आम्ही ही सेवा घेतली. तालुक्याच्या गावात मध्यम धंदा करणाऱ्या आणि आसपासच्या तालुक्यांतही गिऱ्हाईक असलेल्या कुणीही ती एकदा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत झालंय. संस्थेचं नाव मात्र मी देत नाही. खाली काही तक्रारीही आहेत, आणि मला सांगायचंय ते कामाच्या पद्धतीबद्दल. पद्धत कळली की ती कुणाकडूनही मागून घेता येते.

आमचं अमळनेरला भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता गल्ला मी बघते. तांबं-पितळ, स्टील, रुखवताचे सेट, कुकर-मिक्सर, असं सगळं. गिऱ्हाईक अमळनेरचं, शिवाय पारोळा, धरणगाव, एरंडोल, आणि तापीपलीकडून चोपड्याचंही. लग्नसराई, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा आणि धनत्रयोदशी, हे आमचे तीन मोठे हंगाम. त्यासाठी आम्ही दोन पेपरांत जाहिरात देतो, आकाशवाणी जळगावला देतो, केबलवर पट्टी चालवतो, पेपरात पत्रकं टाकतो, भोंग्याची रिक्षा फिरवतो. गेल्या काही वर्षांत अहिराणी गाण्यांच्या यूट्यूब चॅनेलवालेही दुकानाची पायरी चढू लागलेत. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा आकडा असतो. सगळ्यांचे आकडे एकत्र केले तर पाच तालुक्यांत आहेत त्याहून जास्त माणसं भरतील.

हे आकडे येतात कुठून, तेही बघू. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून पेपरांचा खप तपासते, म्हणजे विकलेल्या प्रती मोजते. प्रत आणि वाचक यांत मोठं अंतर असतं. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये येणारी एक प्रत दुपारपर्यंत किती हातांतून जाते, हे बसल्या जागी दिसतं. वाचक मोजायचं काम इंडियन रीडरशिप सर्व्हेचं. त्याचे २०१९ च्या शेवटच्या तिमाहीचे आकडे २०२० मध्ये आले, आणि मग करोनात घरोघरचं काम थांबलं. टीव्हीसाठी बार्क ही संस्था २०१५ पासून निवडक घरांत यंत्रं बसवून आकडे देते. त्यावर मोठ्या चॅनेलांचा धंदा चालतो, पण आमच्या गावच्या केबलच्या पट्टीला त्याचा काही उपयोग नाही. रेडिओसाठी डायरी भरून घ्यायची जी पद्धत आली, ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरतीच. म्हणजे आमच्या भागासाठी तयार आकडा कुठेच नव्हता. तो काढूनच घ्यावा लागणार होता.

आमच्याकडे दोन प्रस्ताव आले. एकाने मोबाइलवर लिंक पाठवून हजारो उत्तरं गोळा करून देतो म्हणून सांगितलं, तेही स्वस्तात. दुसऱ्याने घरोघरी जाऊन फक्त ४०० मुलाखती देऊ केल्या, आणि पैसे त्याहून बरेच जास्त. आमच्या घरातली सगळी मतं पहिल्याकडे झुकत होती. मी दुसरा घेतला. लिंक उघडणारा आणि ती भरून पाठवणारा माणूस मोबाइलवर रमणारा असतो. त्याला विचारून मोबाइलची पोहोच मोठी निघणारच.

या बाबतीत अमेरिकेतलं १९३६ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे त्या मंदीच्या काळात ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचे. शिवाय उत्तर पाठवायची तसदीही ठरावीक लोकांनीच घेतली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलपने कितीतरी कमी लोकांना विचारून, पण सगळ्या थरांतले निवडून, निकाल बरोबर सांगितला. या गॅलपची सुरुवातच पेपराच्या वाचकांवरच्या संशोधनाने झाली होती. आख्खा पेपर वाचकासमोर धरून, यातलं काय काय वाचलंत, असं तो पानापानावर विचारायचा.

आता आमच्या कामाकडे येते. सर्वेक्षणवाल्यांनी गावं आधी ठरवली. पाचही तालुक्यांतली शहरं आणि खेडी वेगवेगळी काढून त्यांतून चिठ्ठीने निवड केली. गावात गेल्यावर मतदारयादीतून एक नाव, तिथून सुरुवात, मग उजव्या हाताने ठरावीक घरं सोडत पुढे. मुलाखत घेणाऱ्याने ओळखीचं किंवा बरं दिसणारं घर निवडायचं नाही, हा त्यातला कळीचा नियम. घर कुलूपबंद असेल तर वेळ बदलून पुन्हा जायचं, लगेच शेजारी घुसायचं नाही.

तारखांवरून आमची पहिली चर्चा झाली. त्यांनी काम ठेवलं होतं नेमकं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात. मी नको म्हटलं. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि सुना माहेरी जातात. खान्देशातलं घर त्या आठवड्यात जसं असतं तसं वर्षभर नसतं. माझं अर्धं गिऱ्हाईक म्हणजे घरातली सून, आणि तीच त्या दिवसांत दुसऱ्या गावी झोक्यावर. त्यांनी वाद न घालता काम पुढे ढकललं. हे त्यांच्या बाजूचं मी आवर्जून नोंदवते, कारण पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकावर चालणाऱ्याने हे ऐकलं नसतं.

मुलाखतीला एकदा तरी बरोबर जाऊ द्या, अशी माझी अट होती. त्यांनी मान्य केली, बोलायचं मात्र काही नाही, या बोलीवर. बोरीकाठच्या एका गावात मी गेले. मुलाखत घेणारी मुलगी पारोळ्याकडची, कॉलेज संपवून वर्ष-दोन वर्षं हेच काम करणारी. पहिल्याच घरी ओट्यावर आप्पा बसलेले. 'काय विचारायचं ते मला विचार, घरातलं सगळं मीच सांगतो,' असं त्यांनी बजावलं. तिने आधी घरातल्या बारा वर्षांवरच्या सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने लिहून घेतली, जवळच्या छापील तक्त्यात बघितलं आणि म्हणाली, 'आप्पा, यादीत वहिनींचं नाव निघालंय. तुमच्याशी बसून चहा घेते, पण जबाब त्यांचाच लिहावा लागेल.' घरातला कोण बोलणार हे तक्त्यावरून ठरवायची ही रीत लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडली. आमच्या सर्वेक्षणातली सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली असेल तर ही. नाहीतर चारशेच्या चारशे मुलाखती ओट्यावरच्या पुरुषांच्या झाल्या असत्या आणि भांडी कोण घेतं ते कागदावर आलंच नसतं.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. 'मी काही पेपर वाचत नाही,' हे त्यांचं पहिलं वाक्य. मुलीने ते लिहिलं नाही. तिने पेपरांच्या नावांचे कार्ड काढले. पहिल्या पानावर जशी अक्षरं असतात हुबेहूब तशी छापलेली, आणि प्रत्येक घरी वेगळ्या क्रमाने पिसलेली, म्हणजे एकाच पेपराला दरवेळी पहिल्या नंबराचा फायदा मिळू नये. एका कार्डावर वहिनी थांबल्या. 'हा येतो आमच्याकडे. त्यातलं बायकांचं पान बघते मी भाजी निवडताना.' मग मुलगी अहिराणीत शिरली. 'वहिनी, काल हातमा लिधा व्हता का?' 'नही वं माय, काल कुठली सवड.' 'परवा?' असं करत शेवटचं कधी, ते नेमकं काढलं. आठवड्यातून किती दिवस हातात येतो, तेही विचारलं. तो पेपर घरचा की शेजारचा, हाही प्रश्न होता.

काल वाचला का, हा साधा प्रश्न सगळ्या वाचक-मोजणीचा कणा आहे. इंडियन रीडरशिप सर्व्हेत दैनिकाचा सरासरी अंकाचा वाचक म्हणजे काल वाचलेला, आणि एकूण वाचक म्हणजे गेल्या महिनाभरात कधीतरी वाचलेला. दोन आकड्यांत केवढा फरक पडतो, हे जाहिरातीचा माणूस कधी सांगत नाही. तो नेहमी दुसरा, मोठा आकडा पुढे करतो. यापुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारणार आहे, कुठला आकडा, कालचा की महिन्याचा.

कार्डांत एक नाव खोटं होतं, कधीच न निघालेल्या पेपराचं. तोही 'कधीमधी' वाचतो, असं एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. पेपर वाचणं हे शहाणपणाचं लक्षण मानलं जातं, नाही म्हणायला संकोच वाटतो. खोट्या नावाला किती जण हो म्हणतात ते बघून बाकीच्या होकारांत फुगवटा किती असेल, याचा अंदाज येतो. आमच्या जुन्या जाहिरातीचं कात्रण दाखवतानाही त्यांनी हेच केलं. खऱ्या कात्रणाबरोबर कधीच न छापलेली एक जाहिरात ठेवली.

अहवाल आला तेव्हा माझ्या कामाची अशी पहिली गोष्ट दिसली, ती बायका आणि पुरुष यांच्यातली तफावत. पेपर पुरुषांच्या हातात रोज, बायकांच्या हातात आठवड्यातून एखाद-दोनदा, आणि तोही पुरवणीपुरता. भोंग्याची रिक्षा पुरुषांच्या जबाबांत जवळजवळ नाहीच. ती फिरते दुपारी, तेव्हा ते शेतात किंवा कामावर. बायकांच्या जबाबांत ती ठळक. सासरे रिक्षाला कायम हलकं समजत आले, 'दुकानाची शोभा जाते' म्हणून. अहवाल त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि यात्रेला रिक्षा लावायला हरकत घेतली नाही.

दुसरी गोष्ट दोन पेपरांची. एकाची पोहोच समजा शंभरात ४०, दुसऱ्याची ३०, तर दोन्हींत जाहिरात दिली की ७० जणांपर्यंत पोहोचली, असा हिशोब आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आला. दोन्ही वाचणारे लोक त्यात दोनदा मोजले जातात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही असं धरलं, तरी उत्तर ५८ येतं, कारण पहिला न वाचणाऱ्या ६० जणांतले शेकडा ३०, म्हणजे १८ जणच नवे मिळतात. प्रत्यक्षात एक पेपर वाचणारा दुसराही उचलण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आकडा आणखी खाली येतो. किती खाली, ते काढायची सूत्रं जुनी आहेत. फ्रान्सच्या अगोस्तिनी यांनी १९६१ मध्ये त्यावर लेख लिहिला होता. आमच्या सर्वेक्षणात सूत्राची गरज पडली नाही. एकाच माणसाला सगळी माध्यमं विचारली होती, त्यामुळे दोन्ही वाचणारे थेट मोजता आले. एरंडोल-धरणगावकडे दोन्ही पेपरांचे वाचक बरेचसे तेच निघाले, असं अहवालात होतं. पैसे दोनदा जात होते.

आता अंदाजाचा भाग. मोजणी म्हणजे काय झालं ते, अंदाज म्हणजे दिवाळीला काय होईल ते. आठवड्यातून किती दिवस वाचता, या उत्तरातून प्रत्येक माणसाची शक्यता निघते. ठरावीक वार न पाळता सरासरी निम्मे दिवस वाचणाऱ्याला चार दिवस छापलेली जाहिरात किमान एकदा दिसण्याची शक्यता सोळात पंधरा. तसंच आठवड्यातून सरासरी एकदाच वाचणाऱ्याला तीच शक्यता शंभरात ४६ च्या आसपास. रोजच्या वाचकाला पहिल्याच दिवशी दिसून गेली, पुढचे तीन दिवस त्याला तेच. म्हणून दिवस वाढवत गेलं की पोहोच आधी भराभर चढते आणि मग सपाट होते. या चढाचा आलेख त्यांनी आमच्यासाठी माध्यमवार काढून दिला. एका पेपरात सहा दिवस देण्यापेक्षा तीन दिवस देऊन उरलेला पैसा रेडिओ आणि रिक्षाकडे वळवावा, हा निर्णय त्या एका पानावरून झाला. दिसण्याची शक्यता म्हणजे अंक हातात येणं, जाहिरातीवर नजर पडणं नव्हे, हे त्यांनी ठळक लिहिलं होतं. पोहोच कितीही निघाली तरी गिऱ्हाईक दुकानात येईल की नाही ते यातून कळत नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

दिवाळीनंतर आम्ही त्यांच्याकडून फोनवर एक छोटी फेरतपासणी करून घेतली. पहिल्या फेरीत ज्यांनी नंबर दिले होते त्यांच्यातल्या काहींशी बोलून. पेपरांचा अंदाज त्यांनी दिलेल्या मर्यादेत बसला. रेडिओ मात्र अंदाजापेक्षा वर गेला, आणि तो बायकांमुळे. कारण आमच्याकडच्या कुणाच्याही लक्षात येईल. मुलाखती झाल्या उन्हाळ्यात, दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी. वेचणीला बायका दिवसभर शेतात असतात, ओटीत कापूस भरता भरता एकीच्या मोबाइलवर गाणी चालू असतात, आकाशवाणीही लागते. उन्हाळ्यात हेच विचारलं तर त्या नाही म्हणतात आणि ते खरंच असतं. माणसाची सवय वर्षभर तीच राहते, असं धरून त्यांचा अंदाज बांधला होता. खान्देशात ती पिकाबरोबर बदलते. हंगामावार प्रश्न त्यांनी विचारायला हवे होते. वेचणीत ऐकता का, लग्नसराईत ऐकता का, असे. ही माझी मोठी तक्रार.

दुसरी तक्रार तालुकावार तक्त्यांची. ४०० मुलाखतींवर शंभरातला कुठलाही आकडा साधारण पाच इकडे-तिकडे होऊ शकतो, हे त्यांनी पहिल्याच पानावर सांगितलं. चांगलं केलं. फक्त बायका घेतल्या, म्हणजे २०० च्या आसपास, तर तो फरक सातवर जातो. पण पुढे त्यांनी प्रत्येक तालुक्याचा वेगळा तक्ता दिला, दशांश चिन्हासकट. एका तालुक्यात जेमतेम ८० मुलाखती, तिथे फरक अकरापर्यंत जातो. मुलाखती काही मोजक्या गावांत एकवटलेल्या असल्याने त्याहूनही जास्त. अशा आकड्याला दशांश लावला की तो पक्का वाटतो. चोपड्यात आमची पोहोच पारोळ्यापेक्षा कमी, असं त्यावरून सासऱ्यांनी धरलं आणि तिकडची रिक्षा बंद करायला निघाले. फरक इतका लहान होता की त्यावरून काहीच ठरवता येत नव्हतं. असे तक्ते द्यायचेच असतील तर प्रत्येक ओळीपुढे मर्यादा छापा, नाहीतर देऊ नका.

लहान नमुन्याने काय होऊ शकतं ते मोठ्यांच्या बाबतीतही दिसलंय. २०१४ च्या जानेवारीत इंडियन रीडरशिप सर्व्हे २०१३ चे आकडे आले, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी एकत्र येऊन ते नाकारले. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत नागपूरच्या 'हितवाद'चं नाव होतं. साठ हजारांवर प्रमाणित खप आणि सर्वेक्षणात वाचक एकही नाही. देशभर लाखांनी घरं घेणाऱ्या सर्वेक्षणालाही एका शहरातल्या एका पेपराचं चित्र चुकू शकतं, तर आमच्या ८० मुलाखतींनी केवढा भार पेलावा?

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर, चोपड्याच्या वरच्या अंगाला, त्यांची माणसं कमी पडली. तिथे अहिराणीही पुरत नाही, पावरी भाषा येणारं कुणी त्यांच्याकडे नव्हतं, आणि दोन जबाब शेजाऱ्याच्या मदतीने भरलेले मला तपासताना आढळले. ते त्यांनी रद्द करून पुन्हा घेतले, जादा पैसे न मागता. नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला काम द्यायचा विचार असेल त्यांनी भाषेचं आधीच पक्कं करून घ्यावं. शिवाय दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली घरं कुलूपबंद असतात, तेही बघावं.

खर्च आमच्या दिवाळीच्या जाहिरातीच्या रकमेच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका आला. मुलाखतींची संख्या वाढली की तो वाढतो. एकच दुकान, एकाच गावातलं गिऱ्हाईक असेल त्याने यात पडू नये. त्याने गल्ल्यावर एक वही ठेवावी. फक्त 'कुठून कळलं' असं मोघम विचारू नये, लोक सवयीने 'पेपरात' म्हणून मोकळे होतात. काल-परवा काय बघितलं, काय ऐकलं, असं विचारावं. ज्याचं गिऱ्हाईक तीन-चार तालुक्यांत पसरलंय आणि जो दोनपेक्षा जास्त माध्यमांना पैसे देतो, त्याला ही सेवा परवडते.

काम देताना कच्च्या जबाबांची फाइल करारातच मागून घ्या, नावं आणि नंबर काढून टाकलेली. आमच्या करारात ती नव्हती, नंतर विनंतीवर मिळाली. तिच्यातूनच माझ्या मुलीने पुरवणी वाचणाऱ्या बायका वेगळ्या काढल्या आणि लग्नसराईची जाहिरात मुख्य पानावरून पुरवणीत हलवली. तिथला दरही कमी पडला. येत्या वेचणीत आम्ही त्याच लोकांना दुसरी, छोटी फेरी सांगितली आहे. फक्त बायका, फक्त रेडिओ आणि मोबाइल, आणि मुलाखती संध्याकाळी, शेतातून परत आल्यावर.